पोटगी आणि मालमत्ता: घटस्फोटाच्या दाव्यात या चुका टाळा

घटस्फोटासाठी वकिलाला पहिल्यांदा भेटायला जाताना लोक मोबाईल भरून नेतात. नवऱ्याचे मेसेज, सासूचे कॉल, नणंदेचे टोमणे, सगळ्याचे स्क्रीनशॉट तयार. वकील विचारतात, "मुलीच्या शाळेची फी किती?" त्यावर उत्तर येतं, "बघून सांगते." दावा तिथेच लंगडा पडतो. भांडण कोणी काढलं यावर मुलाची पोटगी ठरत नाही. मुलाला महिन्याला किती लागतं आणि आईबाप मिळून किती देऊ शकतात, यावर ती ठरते. हा हिशोब कागदावर मांडायचं काम तुमचं, वकिलाचं नव्हे.

"अर्धं तर माझंच"

हा समज बहुधा परदेशी मालिकांतून आला असावा. गोव्यातल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. तो अपवाद सोडला तर भारतात घटस्फोट झाला म्हणून मालमत्तेचे दोन समान वाटे होत नाहीत. फ्लॅट ज्याच्या नावावर, मालकी सहसा त्याची. मग हाती काहीच नाही का? तसंही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना समोरच्याची मालमत्ता आणि उत्पन्न दोन्ही पाहतात, आणि गरज पडल्यास त्या रकमेचा बोजा त्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवता येतो, म्हणजे पैसे थकले तर ते त्या मालमत्तेतून वसूल करता येतात. हा बोजा मागायचाच राहून जातो, आणि पुढे पैसे थकले की त्याची आठवण होते. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंसाठी कलम २७ आहे. दोघांच्या नावावरच्या घरात तुमच्या पगारातून हप्ते गेले असतील, तर त्या काळाची बँक स्टेटमेंट आजच काढून ठेवा.

राहतं घर सासूच्या नावावर आहे म्हणून मुलांसह निमूट बाहेर पडणं हीसुद्धा चूकच. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहण्याचा हक्क मागता येतो. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं म्हणून तो आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. फक्त राहण्याचा हक्क आणि मालकी यांची गल्लत करू नका.

वडिलोपार्जित शेतजमिनीचं गणित वेगळं. नवरा हयात असताना बायकोला त्यात वाटा मागता येत नाही. हिंदू एकत्र कुटुंबाची सहदायिक, म्हणजे वाडवडिलांकडून चालत आलेली सामाईक मालमत्ता असेल तर मुलाला मात्र जन्मतः हक्क असतो, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीलाही. म्हणून सातबारा, फेरफार, फ्लॅटचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) हे कागद दावा दाखल करण्याआधी काढा. नोटीस पोहोचल्यावर भावाच्या नावाने बक्षीसपत्र व्हायला वेळ लागत नाही. तशी शंका असेल तर मालमत्ता विकू-देऊ नये अशा मनाई हुकमाचा अर्ज दाव्यासोबतच जाऊ द्या.

स्त्रीधनाबद्दल, म्हणजे लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेल्या दागिने-वस्तूंबद्दल, एवढंच सांगते: ते पूर्णपणे तुमचं, ठेवायला कोणाकडेही दिलेलं असलं तरी. पण "वीस तोळे होतं" म्हणून भागत नाही. लग्नाचे फोटो, सोनाराच्या पावत्या, कोणता दागिना कोणाच्या ताब्यात आहे याची यादी, हे सगळं लागतं.

बोलणी चालू आहेत म्हणून थांबणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मोठी माणसं मध्ये पडतात, "कोर्टात जाऊ नका, मार्ग काढू" म्हणतात, आणि त्यात आठ-दहा महिने निघून जातात. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. अर्ज उशिरा केलात की आधीचे महिने सहसा बुडाले. समेटाची बोलणी अर्ज दाखल करूनही करता येतात. निकाल लागेपर्यंतची अंतरिम पोटगी त्याच अर्जासोबत मागा.

शपथपत्रात लपवाछपवी

त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र बंधनकारक केलं. ते भरताना दोघंही चुकतात. नवरा अचानक बेरोजगार होतो, बायको आपली नोकरी लिहीतच नाही. मग पीएफचा उतारा किंवा आयकर विवरणपत्र समोर येतं आणि तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. स्वतःचा पगार लपवायची गरजच नसते, कारण आई कमावते म्हणून मुलाबद्दलची बापाची जबाबदारी संपत नाही. समोरच्याने रकाने कोरे ठेवले असतील तर रागावून बसू नका. त्याच्या मालकाकडून पगाराचा तपशील मागवावा, असा अर्ज द्या.

दोन-तीन कायद्यांखाली वेगवेगळे अर्ज करता येतात, पण आधीचा आदेश दडवता येत नाही. तो सांगावाच लागतो, आणि त्यातली रक्कम पुढच्या आदेशात जमेस धरली जाते.

"पगाराच्या पंचवीस टक्के मिळतातच"

मिळतातच असं नाही. काही निकालांत हा आकडा आला आहे, तो ठरीव दर नव्हे. खर्चाचा तक्ता भक्कम असेल तर जास्तही मिळतं, ढोबळ असेल तर कमी. "शिक्षण खर्च अंदाजे" असं लिहू नका. फी, बस, शिकवणी, औषधं, चष्मा, आणि घरभाड्यातला मुलाचा हिस्सा असं सुटं सुटं मांडा. वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून महिन्याच्या तक्त्यात घाला. नाहीतर गणवेश-पुस्तकांचा जूनमधला खर्च सुटून जातो.

कन्सेंट टर्म्समधलं गोड वाक्य

परस्पर संमतीच्या घटस्फोटातल्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीपत्रात, "मुलाच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील" असं एक वाक्य हमखास असतं. वाचायला छान आहे, पण वसुली कशाची करणार? किती रक्कम, महिन्याच्या कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ, आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरणार, हे आकड्यांत हवं. "सुटका हवी" म्हणून मुलाची पोटगी सोडून देणाऱ्या आया पुष्कळ. तो हक्क मुलाचा आहे, आईने सोडून सुटत नाही. पण पुढे तो परत मागायला नवी लढाई लढावी लागते.

दोघांच्या नावावर गृहकर्ज असेल तर "हप्ते तो भरेल" या वाक्याचं बँकेला काही देणंघेणं नसतं. त्याने हप्ता चुकवला की नोटीस तुम्हालाही येते. कर्जातून नाव काढून घेण्याची मुदत तिथेच लिहून घ्या.

आणि अठरा वर्षं! मुलाची पोटगी साधारणपणे सज्ञान होईपर्यंतच असते. अविवाहित मुलीला हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० खाली पुढेही मागता येते, मुलग्याला तसं नाही. म्हणजे नेमकी कॉलेजची फी सुरू होताना पोटगी थांबते. त्यानंतरच्या शिक्षणाचं कलम संमतीपत्रातच घाला.

आदेश झाला, पैसे येत नाहीत

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुनं कलम १२५, सर्व धर्मांना लागू आहे. त्याखालच्या आदेशाची थकबाकी वॉरंटने वसूल करायची तर देय तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देईल आज ना उद्या" म्हणत दोन वर्षं बसलात तर जुन्या महिन्यांसाठी हा रस्ता बंद होतो. थकबाकीपायी तुरुंगात जाऊन आलो म्हणजे ती फिटली, असं नवऱ्याला वाटत असेल तर ते चूक आहे. रक्कम उभीच राहते.

देणाऱ्या बापांनीही ऐकावं. रोख देऊ नका, खात्यात टाका. वाढदिवसाची सायकल पोटगीत धरली जात नाही. नोकरी गेली तर गप्प बसून हप्ते थकवण्यापेक्षा रक्कम बदलून मागण्याचा अर्ज लगेच करा, त्यासाठी कलम १४६ आहे. मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे अडवणं आणि पैसे येत नाहीत म्हणून भेट अडवणं, दोन्ही न्यायाधीशांना सारखंच खटकतं. भेटीसाठी वेगळा अर्ज असतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अडला असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.