हेडफोनचा आलेख एक सांगतो, कान दुसरंच: खरेदीआधी या चुका टाळा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये हेडफोनच्या काउंटरवर थोडा वेळ उभे राहा. एक जण हेडफोन चढवून म्हणतो, "भो, याना बेस भारी शे!" त्याचा जोडीदार तोच हेडफोन लावतो आणि "नुसतं घुमतंय" म्हणत खाली ठेवतो. तिसरा मोबाइलवर कुठल्यातरी चाचणीचा आलेख काढून दोघांनाही वेड्यात काढतो. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. पण आपण जिला 'आपली आवड' म्हणतो, तिच्यात बराचसा भाग फिटिंगचा, व्हॉल्यूमचा आणि आजूबाजूच्या गोंगाटाचा असतो. तो आधी बाजूला काढला की मगच आवड आणि मोजमाप यांची तुलना करण्यात अर्थ आहे.

आलेखात सरळ रेष शोधणे

खालच्या पट्टीपासून (म्हणजे बेसपासून) वरच्या पट्टीपर्यंत कुठला आवाज किती मोठा वाजतो, ते ही आलेखाची रेष दाखवते. पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात, आवाजाचा मोठेपणा डेसिबलमध्ये. स्पीकरच्या बाबतीत रेष जितकी सपाट तितकी बरी, हे ढोबळमानाने खरं. हेडफोनला तो नियम लावू नका. समोरून येणारा आवाज कानाच्या पाळीवर आपटून नळीत शिरतो, तेव्हा ३००० हर्ट्झच्या आसपासचा भाग आपोआप वाढतो. जन्मापासून आपण सगळे आवाज असेच ऐकत आलो आहोत. हेडफोनची चाचणी कृत्रिम कानावर होते आणि त्यातला माइक कानाच्या पडद्याच्या जागी असतो. त्यामुळे चांगल्या हेडफोनच्या आलेखातही तिथे टेकाड दिसायलाच हवं. रेष सपाट दिसली, तर गायकाचा आवाज चादरीआडून आल्यासारखा लागेल.

हे टेकाड किती उंच असावं आणि खाली बेस किती असावा, यावर ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना प्रत्यक्ष ऐकवून बरंच संशोधन केलं. त्यातून निघालेली सरासरी पसंतीची रेष 'हर्मन टार्गेट' म्हणून ओळखली जाते. २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात श्रोत्यांचे तीन गट पडले. ६४ टक्क्यांना या रेषेजवळचा आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे 'आवड ज्याची त्याची' हे खरं असलं, तरी ती दाही दिशांना पळत नाही. माणसं वेगळी होतात ती मुख्यतः बेसच्या प्रमाणावर. गायकाचा आवाज नाकातून यावा किंवा 'स', 'श' कानात टोचावेत, असं मुद्दाम मागणारा गिऱ्हाईक फारसा भेटत नाही.

माझं मत विचाराल तर आलेखाचा उपयोग नकार देण्यासाठी करा, होकार कानाकडून घ्या. ५००० ते ८००० हर्ट्झमध्ये मोठा सुळका दिसला तर तो हेडफोन यादीतून काढायला हरकत नाही. पण दोन हेडफोनच्या रेषा एक-दीड डेसिबलने इकडेतिकडे असतील, तर तेवढ्यावरून त्यांचे नंबर लावू नका. ८००० हर्ट्झच्या वरचा भागही जरा सैल हाताने वाचा. इअरफोन कानात किती खोल बसला, यावर तिथलं शिखर सरकतं आणि तुमची नळी म्हणजे प्रयोगशाळेतली नळी नव्हे. दोन वेगळ्या यंत्रांवरचे आलेख एकावर एक ठेवून निकाल देणं तर सोडूनच द्या. उभ्या अक्षावरची मापंही बघा. अक्षावर डेसिबलचा पल्ला पुरेसा मोठा ठेवला की कुठलाही डोंगर सपाट दिसतो आणि जाहिरातवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

बेस नाही म्हणून हेडफोनला दोष देणे

सर्वात जास्त तक्रारी इथल्या, आणि इथे आवड-मोजमापाचा वाद मुळात नसतोच. कानाभोवती बारीकशी फट राहिली तरी सगळ्यात आधी बेस गळतो. चष्म्याच्या काड्या, दाट केस, उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला स्कार्फ किंवा रुमाल, यांतलं काहीही हेडफोनच्या कानावर टेकणाऱ्या गादीखाली आलं की झालं. तपासायची रीत सोपी आहे. गाणं चालू ठेवून दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच दाबा. बेस एकदम भरला, तर फट आहे.

इअरफोनमध्ये हाच घोळ रबरी टिपांचा असतो. खोक्यातली मधल्या मापाची टिप लावलेली असते आणि बहुतेक लोक ती कधी बदलतच नाहीत. लहान-मोठ्या तिन्ही लावून पाहा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळं माप लागलं तरी बिनधास्त लावा, पुष्कळांच्या दोन्ही नळ्या सारख्या नसतात.

खानदेशात याला उन्हाळ्याची जोड आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घामाने रेक्झिनच्या गाद्या सुटतात, पापुद्रे निघतात, आतला फोम बसतो. मग 'पहिल्यासारखा आवाज राहिला नाही' अशी तक्रार येते आणि ती खरी असते, पण दुरुस्ती गादीची असते. नवी गादी घेताना जाडी आणि कापड मूळच्यासारखंच घ्या. रेक्झिनऐवजी मखमली गादी बसवली की कान थंड राहतील, पण बऱ्याच हेडफोनचा बेस उतरेल. कंपनीचा जुना आलेख मग तुमच्या हेडफोनला लागू राहत नाही.

व्हॉल्यूम न जुळवता तुलना करणे

फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की बेस अधिक भरून येतो. त्यामुळे एकाच फोनला, त्याच व्हॉल्यूमवर दोन हेडफोन लावले की जो थोडा मोठा वाजतो तोच 'भरदार' वाटतो. फरक अगदी थोडा असेल, तर तो मोठा वाजतोय हे कळतही नाही, नुसता चांगला वाटतो. दुकानदाराने फसवायची गरजच नाही, सेन्सिटिव्हिटी जास्त असलेला, म्हणजे त्याच व्हॉल्यूमवर मोठा वाजणारा हेडफोन ते काम करून देतो.

उपाय: दुसरा हेडफोन शून्यापासून हळूहळू वाढवा आणि गायकाचा आवाज पहिल्याइतका वाटला की थांबा. हे पुन्हा एकदोनदा करा. सोबत कुणी असेल तर व्हॉल्यूम त्याला लावू द्या आणि कुठला महाग हे त्याने बोलू नये. जाता जाता, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढी आहे. आवाज वाढला की तास झपाट्याने घटतात.

गोंगाटात निवडून घरी पस्तावणे

भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्यांना हे पटेल. गाडीची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती गाण्यातला बेस झाकून टाकते. तिथे बेस चढवलेला हेडफोन बरोबर वाटतो. तोच रात्री घरी गच्चीवर लावला की डोकं गरगरतं. तुमची आवड बदललेली नसते, जागा बदललेली असते. गाडीत ऐकायचं असेल तर बेसपेक्षा नॉइज कॅन्सलेशनला पैसे द्या. ते नेमकी हीच घरघर कापतं, शेजारच्यांच्या गप्पा मात्र फारशा कापत नाही.

चाचणीला गाणंही नीट निवडा. लग्नातल्या डीजेचं, मोबाइलवरून मोबाइलवर फिरलेलं अहिराणी रिमिक्स लावाल तर फाटलेला आवाज फाईलचा की हेडफोनचा, हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. त्यापेक्षा खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी बायकांच्या आवाजात, बऱ्या रेकॉर्डिंगची मिळाली तर सोनं. मधल्या पट्टीचा दोष लगेच उघडा पडतो. तबल्याच्या डग्ग्याला गोलाई आहे की नुसता धब्बा, झांजेची किणकिण सुटी येते की किसल्यासारखी, एवढं ऐकलं तरी पुष्कळ झालं.

आवाज अचानक फोनसारखा होणे

लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच ब्लूटूथ हेडफोन डबड्यासारखा वाजू लागतो. हेडफोन खराब झालेला नसतो. माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातो आणि त्यात आवाज एकेरी (मोनो) आणि अरुंद होतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, बहुतेक वेळा आवाज परत येतो. फोनमधला 'सराउंड' किंवा 'बेस बूस्ट' चालू राहिला असेल तर तोही बंद करा. त्यासकट ऐकून आलेखाला खोटं ठरवण्यात काय हशील?

खोक्यावरच्या '२०–२०००० हर्ट्झ'ला भाव देऊ नका. किती डेसिबलच्या फरकात, हे सोबत नसेल तर तो आकडा काहीच सांगत नाही. ५० मिमी ड्रायव्हरचंही (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) तेच.

आवड न तपासता नवा हेडफोन घेणे

आपण ६४ टक्क्यांत की बाकीच्यांत, हे फुकटात कळतं. आहे त्याच हेडफोनवर इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारं फोनमधलं सेटिंग) १०० हर्ट्झच्या खालचा भाग ३ डेसिबलने वाढवा. वाढवताना प्रीअँप, म्हणजे इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी, तेवढीच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल. काही दिवस तसंच ऐका, मग तेवढाच कमी करून ऐका. पहिल्या दिवशी जास्तीचा बेस जवळजवळ सगळ्यांनाच आवडतो, म्हणून घाई करू नका. कुठलं सेटिंग बंद करावंसं वाटतं त्यावर लक्ष ठेवा.

आई-वडिलांसाठी घेत असाल तर निर्णय तुमच्या कानाने करू नका. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले स्वर कमी ऐकू येतात. तुम्हाला टोचणारा हेडफोन त्यांना स्वच्छ वाटू शकतो आणि तुमचा लाडका त्यांना बसका. त्यांना दुकानात सोबत न्या, चष्म्यासकट, आणि गाणं त्यांच्या पसंतीचं लावा.