टीजीएफ-बीटा १ ची वायल पावसाळ्यात कशी उघडावी

मानवी रीकॉम्बिनंट (जनुक-तंत्राने बनवलेली) टीजीएफ-बीटा १, म्हणजे पेशींना संदेश देणारे एक प्रथिन, महाग असते, आणि बहुतेक वेळा ती पेशींपर्यंत पोचण्याआधीच वाया जाते. ११२ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधाने जोडून झालेले हे सुमारे २५ किलोडाल्टनचे प्रथिन फार चिकट आहे. ते प्लास्टिकला चिकटते, काचेला चिकटते, फिल्टरलाही चिकटते. 'लॉट खराब आला' अशी तक्रार करण्याआधी ते कशात विरघळवले होते हे तपासा. पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्यात) विरघळवले असेल तर उत्तर तिथेच मिळते. उदासीन पीएचला हे प्रथिन गोळा होते आणि भिंतीला लागते. त्याला आम्ल लागते.

मागवताना पावडर स्वरूपातलीच घ्या. पावडरला मुंबईहून रत्नागिरी-सावंतवाडीपर्यंतचा एखाद-दोन दिवसांचा प्रवास सहसा सोसतो, द्रावणाला सोसत नाही. पार्सल सोमवारी निघेल असे सांगा, म्हणजे रविवारी कुठल्यातरी गोदामात पडून राहणार नाही. गणपतीच्या आठवड्यात मागवूच नका. चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेल्या हायवेवर कुरिअरची गाडीही तेवढीच अडकते.

आधी द्रावक करून ठेवा: ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या सीरममधले अल्ब्युमिन प्रथिन). १ मोलर आम्ल २०० मायक्रोलिटर घेऊन निर्जंतुक पाण्याने ५० मिली करा, त्यात ५० मिलिग्रॅम बीएसए विरघळवा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. गाळणे इथेच उरकायचे. प्रथिन घातल्यावर गाळलेत तर ते फिल्टरमध्येच राहील. (अँटिबॉडी तयार करायची असेल किंवा प्रथिनाला लेबल लावायचे असेल, तर बीएसए नसलेली वायल लागते आणि द्रावकातही बीएसए घालायचे नाही. पेशींच्या कामाला बीएसए हवेच.)

फ्रीजरमधून काढलेली वायल लगेच उघडू नका. आषाढात इथली हवा ओली असते. गार काचेवर मिनिटभरात दव धरते आणि ते पाणी आत गेले की पावडर ओलावते. बंद वायल पिशवीसकट अर्धा तास खोलीत राहू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवा. तळाशी काही दिसले नाही तरी घाबरू नका. १० मायक्रोग्रॅम प्रथिन डोळ्यांना दिसत नाही.

१० मायक्रोग्रॅमच्या वायलीत ५०० मायक्रोलिटर द्रावक घाला, म्हणजे मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमचा स्टॉक (साठवायचे दाट द्रावण) होतो. द्रावक आतल्या भिंतीवरून खाली सोडा, वायल हलकेच तिरकी करत फिरवा आणि पंधरा-वीस मिनिटे ठेवा. व्होर्टेक्स नको, फेसात प्रथिन मोडते. मग प्रथिन कमी चिकटणाऱ्या ट्यूबमध्ये २० मायक्रोलिटरचे भाग करा, तारीख आणि लॉट नंबर लिहा. एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही. साधारणपणे द्रावण फ्रिजमध्ये महिनाभर आणि उणे २० ते उणे ७० अंशांत तीन महिने टिकते, पण वायलीसोबतच्या कागदावर वेगळे लिहिले असेल तर तेच धरा.

नो-फ्रॉस्ट फ्रीजर वापरू नका. तो बर्फ वितळवायला स्वतःच मधूनमधून गरम होतो. रात्री लाइट गेली होती का हे कळण्याचा इलाज थोडा गावठी आहे, पण चालतो: कपात पाणी गोठवा, वर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि कप फ्रीजरात ठेवून द्या. सकाळी नाणे बर्फात बुडालेले दिसले तर रात्री पाणी वितळून पुन्हा गोठले आहे. मग आतले भाग संशयित समजा. आणि फ्रीजर तळमजल्यावर नको. चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर आठवला की कारण सांगावे लागत नाही.

वापरताना स्टॉकचे ५ मायक्रोलिटर घ्या, त्यात ०.१ टक्के बीएसए असलेले ९५ मायक्रोलिटर माध्यम (पेशी वाढवण्याचे द्रावण) घाला. त्यातले ५ मायक्रोलिटर प्रत्येक मिलिलिटर माध्यमात घातले की मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम होतात. हे पातळ द्रावण उदासीन असते, म्हणून लगेच वापरा. उरलेले ठेवू नका. कंट्रोलच्या (तुलनेसाठी प्रथिनाशिवाय ठेवलेल्या) पेशींना नुसते आम्ल-बीएसएचे द्रावक त्याच प्रमाणात पातळ करून द्या.

पेशींच्या माध्यमातून आदल्या रात्री सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) काढून टाका किंवा ०.५ टक्क्यावर आणा. गाईच्या सीरममध्येही टीजीएफ-बीटा असते, आणि परिपक्व रूपात ती मानवी प्रथिनाशी तंतोतंत जुळते. त्यामुळे भरपूर सीरममध्ये कंट्रोलही 'चालू' दिसतो आणि फरक पुसला जातो.

प्रथिन काम करते का हे पाहायला तीन दिवस थांबू नका. ४५ मिनिटांनी पेशी गोळा करून फॉस्फो-स्मॅड२ चा (टीजीएफ-बीटाचा संदेश पोचला की स्मॅड२ प्रथिनाला फॉस्फेट लागून होणाऱ्या रूपाचा) ब्लॉट करा, म्हणजे ते प्रथिन पट्टी म्हणून दिसेल; शेजारी एकूण स्मॅड२ घ्या. प्लेटच्या एका विहिरीत (खाचेत) प्रथिनाच्या अर्धा तास आधी १० मायक्रोमोलर एसबी-४३१५४२ (हा संदेश अडवणारे रसायन) घाला. तिथे पट्टी जायला हवी. पट्टी आली, पण ७२ तासांनी फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीच्या पेशींमध्ये) अल्फा-स्मूथ मसल अ‍ॅक्टिन हे प्रथिन वाढले नाही, तर वायलीला दोष देऊ नका. पेशींचे पॅसेज (त्या किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या ते) मोजा आणि त्या किती दाट लावल्या होत्या ते बघा.