कर्ण्याचा लाइन ट्रान्सफॉर्मर: हिशेब, जोडणी, बिघाड

मंदिराच्या किंवा शाळेच्या आवारात एकाच ॲम्प्लिफायरवर आठ-दहा कर्णे लांबवर लावायचे असतील, तर १०० व्होल्टची लाइन ओढावी आणि प्रत्येक कर्ण्याला वेगळा लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर (लाइनचे व्होल्टेज कर्ण्याला झेपेल इतके उतरवणारा) द्यावा. ०.७५ चौ. मि.मी.ची तांब्याची तार २०० मीटर ओढली तर जाऊन-येऊन सुमारे १० ओहम भरते. ८ ओहमचा कर्णा ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट जोडला तर निम्म्याहून जास्त व्होल्टेज तारेतच जिरते. १०० व्होल्ट लाइनवर १०० वॉटचा भार असताना ही घट दहा टक्क्यांच्या आत राहते.

टॅपिंग (ट्रान्सफॉर्मरवर वॉटनुसार निवडायची वायर) १० वॉटचे असेल तर लाइनला १,००० ओहम दिसतात, २० वॉटला ५००. कर्णे समांतर असल्याने वॉटची सरळ बेरीज करा. १२० वॉटच्या ॲम्प्लिफायरवर ९६ वॉटपर्यंत थांबलेले बरे.

जोडताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा; १०० व्होल्टचा झटका खेळ नाही. कॉमन (सगळ्या टॅपिंगची सामाईक वायर) आणि हव्या वॉटची वायर लाइनला, सेकंडरी (कर्ण्याकडची बाजू) युनिटला, म्हणजे कर्ण्यातल्या आवाज काढणाऱ्या भागाला. उरलेल्या वायरींना प्रत्येकी वेगळी टेप लावा. दोन टेकल्या की मधले वेढे शॉर्ट. शेजारच्या कर्ण्यांचे प्लस-मायनस सारखे ठेवा.

हिशेब जुळूनही ॲम्प्लिफायर कट होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो? आधी युनिटवरचा आकडा वाचा. सेकंडरीच्या १६ ओहमच्या टॅपवर ८ ओहमचे युनिट लावले की १० वॉटचे टॅपिंग २० वॉट ओढते. दुसरे कारण बेस. तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, १०० हर्ट्झच्या दुप्पट होतो. कोअर सॅच्युरेट झाला (आणखी फ्लक्स घेईना) की आवाज फाटतो आणि करंट उसळतो. १५० हर्ट्झखालचे कापा. कर्ण्यातून तसाही बेस येत नाही.

तरीही कट होत असेल तर लाइन मध्ये तोडून अर्धी-अर्धी तपासा. मल्टिमीटरवर प्रायमरी (लाइनकडची बाजू) काही दहा ओहमच दाखवते म्हणून ट्रान्सफॉर्मर फेकू नका. तो फक्त तारेचा रोध आहे. संशयित ट्रान्सफॉर्मर सुटा करा, १० वॉटच्या टॅपला ४०० हर्ट्झचा १० व्होल्ट टोन द्या. १६ ओहमच्या टॅपवर साधारण १.२६ व्होल्ट यायला हवेत. बरेच कमी आले, किंवा सेकंडरी मोकळी असूनही ट्रान्सफॉर्मर तापला, तर आतले वेढे शॉर्ट आहेत. तो बदलाच, एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरचे रिवाइंडिंग परवडत नाही.