हत्तीरोगाने सुजलेल्या पायाची रोजची निगा कशी राखावी

हत्तीरोग डासांमुळे होतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण एकदा सुजलेला पाय पुढे वर्षानुवर्षं वाढत का जातो, हे फारसं कोणी समजावून सांगत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा पायाच्या बोटांच्या बेचक्यात दडलेलं असतं. तिथली कातडी दमट राहून पांढरी पडते, चिरते आणि त्या चिरेतून जिवाणू आत शिरतात. मग थंडी वाजून ताप भरतो, पाय लाल होऊन ठणकतो. आठवड्याभरात हे सगळं निवतं, पण सूज आधीपेक्षा थोडी जास्तच उरते. असे झटके येत राहिले की पायाचा आकार बिघडत जातो. म्हणून या लेखात औषधांपेक्षा साबण-पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी थोडं मुळाबद्दल. हा रोग दोऱ्यासारख्या बारीक कृमींचा. बहुतेक रुग्णांत ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ हा कृमी सापडतो. त्याची मादी 10 सेंटीमीटरपर्यंत लांब असते. हे कृमी शरीरातल्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत ठाण मांडतात आणि साधारण 6 ते 8 वर्षं जगतात. त्यांची असंख्य सूक्ष्म पिल्लं रक्तात फिरतात, आणि बहुतेक ठिकाणी ती रात्रीच वर येतात, म्हणजे डास चावण्याच्या वेळेलाच. चावताना डास ती शोषून घेतो, त्याच्या अंगात ती दीड-दोन आठवड्यांत वाढतात आणि पुढच्या माणसाला चावताना त्याच्या कातडीवर उतरून आत शिरतात. हे कृमी डासाच्या पोटात जातात, हे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात दाखवलं. एखाद-दुसरा डास चावून हा रोग जडत नाही, त्यासाठी महिनोन्‌महिने चावे बसावे लागतात. लागण बरेचदा लहानपणी होते आणि सूज दिसते मोठेपणी. तोवर लसिकावाहिन्या फुगून निकामी झालेल्या असतात. पुढे कृमी मेले तरी त्या पूर्ववत होत नाहीत.

निदान आधी, उपाय नंतर

सुजलेला प्रत्येक पाय हत्तीरोगाचा नसतो. हृदय, मूत्रपिंड किंवा शिरांच्या विकारातही पाय सुजतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रात्री साधारण 10 ते 2 च्या दरम्यान बोटातून रक्त घेतात. बँक्रॉफ्टी कृमीसाठी पट्टीची चाचणीही असते, ती दिवसा करता येते. सूज जुनी असेल तर रक्तात काहीच सापडत नाही, असंही पुष्कळदा होतं. याचा अर्थ निदान चुकलं असा नाही, कदाचित कृमी मरून गेलेले असतील.

डाईइथाइलकार्बामाझिन, म्हणजे ‘डीईसी’च्या गोळ्या रक्तातली पिल्लं मारतात, काही मोठे कृमीही मारतात. जुनी सूज मात्र त्यांनी उतरत नाही. गोळ्यांचा कोर्स झाला की पाय आपोआप पहिल्यासारखा होईल, ही आशा पुढे फार महागात पडते, कारण तिच्या भरवशावर निगा मागे पडते.

पाय धुण्याची रीत

दिवसातून एकदा तरी, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी पाय धुवावा. पाणी साधंच हवं. गरम पाण्याचा मोह टाळा, त्यामुळे सूज वाढू शकते. साबण सौम्य असला की पुरे.

1. आधी उजेडात पाय नीट न्याहाळा. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, कातडीच्या घड्या, नखांच्या कडा, सगळं बघा. खाली वाकवत नसेल तर घरातल्या कोणाला बघायला सांगा.
2. पाय ओला करून साबण लावा. सुरुवात सूज जिथे संपते तिथून, म्हणजे वरून करा आणि खाली पावलाकडे या.
3. बेचक्यांसाठी मऊ फडक्याचं टोक पीळ देऊन बारीक करा आणि ते एका बेचकीतून हलकेच पुढे-मागे फिरवा, मग दुसऱ्या. सूज जास्त असेल तर बोटं एकमेकांना चिकटलेली असतात. ती उघडताना ओढाताण करू नका. ब्रश किंवा खरबरीत दगड तर नकोच, त्याने ओरखडे उठतात.
4. पाणी नितळ येईपर्यंत पाय धुवा. साबणाचा अंश घडीत राहिला की तिथे खाज सुटते.
5. आता कोरडं करणं. सगळ्यात जास्त हयगय होते ती इथेच. स्वच्छ पंचाने टिपून घ्या, घासू नका. बेचक्यांत पंचा पोहोचत नसेल तर तलम कापडाची पट्टी सरकवून ओल टिपा आणि पाय थोडा वेळ वाऱ्यावर ठेवा.

दुसरा पाय चांगला असला तरी तोही असाच धुवा.

बेचकीत चिखल्या झाल्या असतील, म्हणजे कातडी पांढरी, ओलसर आणि खाजरी झाली असेल, तर ती बहुधा बुरशी असते. डॉक्टर त्यावर क्लोट्रिमॅझोलसारखं मलम देतात. ते कोरड्या कातडीवरच लावायचं, आणि बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. घाण वास किंवा पू असेल तर औषध वेगळं लागतं, ते डॉक्टरांना विचारूनच. नखं सरळ कापा, कोपऱ्यात खोल जाऊ नका.

उरलेला दिवस

बसताना पाय लोंबकळत ठेवू नका. समोर स्टूल घेऊन तो कमरेच्या पातळीवर ठेवा. झोपताना पायाखाली उशी किंवा घडी केलेलं अंथरूण घ्या. हृदयाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय उंच करू नका. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, बसल्या बसल्या घोटा गोल फिरवणं, बोटं पुढे ताणून मागे ओढणं असे साधे व्यायाम दिवसातून दोन-चारदा जमतील तेवढे करा. पोटरीचे स्नायू आवळले की साचलेला द्रव पुढे सरकतो. पादत्राण मोकळं, हवा खेळती राहील असं आणि सपाट टाचेचं असावं. पट्टा सैल-घट्ट करता आला तर उत्तम, कारण संध्याकाळपर्यंत पाऊल फुगतं. अनवाणी चालायचं नाही, अगदी अंगणापुरतंसुद्धा.

सूज रात्रीतून उतरत असेल तर पाय अजून सुरुवातीच्या अवस्थेत आहे आणि या निगेचा फायदा सगळ्यात जास्त तुम्हालाच. घड्या आणि गाठी आल्या असतील तर आकार फारसा बदलणार नाही, पण झटके कमी होतात. झटके थांबले की पायाचा दुर्गंध आणि ठणका जातो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. माझ्या मते हे काही थोडं नाही.

झटका आला तर

हुडहुडी भरून ताप, पाय लाल, हाताला गरम लागणारा, जांघेत अवधाण. अशा वेळी व्यायाम पूर्ण बंद. पाय उंचावर ठेवून पडून राहा, साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर ठेवा, भरपूर पाणी प्या. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. प्रतिजैविक बहुतेकदा लागतंच, म्हणून डॉक्टरांकडे लवकर जा. शेक देणं, चोळणं, पाय करकचून बांधणं, कातडीला चिरा पाडून ‘खराब रक्त’ काढणं, राख किंवा पाला लावणं, यातलं काहीही करू नका. पू निघाला, उलट्या सुरू झाल्या, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर वाट न बघता दवाखाना गाठा. झटका ओसरताना कातडीचे पापुद्रे सुटतात. ते ओढून काढू नका, आपोआप गळू द्या. धुणं हळुवारपणे चालूच ठेवा.

घरातल्या बाकीच्यांसाठी

हत्तीरोग शिवल्याने लागत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणावर झोपा, काही होत नाही. मच्छरदाणी मात्र सगळ्यांनी लावावी. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून तुंबलेली गटारं आणि शौचाच्या टाक्यांची उघडी तोंडं आधी बघा. सामुदायिक औषधवाटपाच्या गोळ्या धडधाकट माणसांनीही घ्यायच्या असतात, कारण पिल्लं रक्तात असूनही वर्षानुवर्षं काहीच त्रास न होणारे लोक पुष्कळ असतात आणि डास त्यांच्याकडूनच रोग उचलतो. गरोदर स्त्रिया, 2 वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांना त्या देत नाहीत. गोळ्यांनंतर अंग मोडून येणं, डोकं दुखणं किंवा थोडा ताप येणं हे बहुधा कृमी मरत असल्याचं लक्षण असतं आणि ते एक-दोन दिवसांत थांबतं.

पुरुषांमध्ये हाच कृमी अंडवृद्धीही करतो, आणि लाजेपायी ती वर्षानुवर्षं झाकून ठेवली जाते. पायाची निगा तिथे उपयोगाची नाही. त्यावर शस्त्रक्रिया आहे, आणि पायाच्या सुजेपेक्षा तिथे बरं होण्याची खात्री कितीतरी जास्त असते.