कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

कोलेस्टेरॉलची गोळी रक्तात जाऊन तिथली चरबी विरघळवते, अशी समजूत फार पसरलेली आहे आणि औषधाबाबत होणाऱ्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. प्रत्यक्षात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन यांसारखी स्टॅटिन औषधे मुख्यतः यकृतात काम करतात. तेथील पेशींत कोलेस्टेरॉल तयार होण्यासाठी आवश्यक असलेल्या एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराला (एन्झाइमला) ती रोखतात. पेशीतला साठा घटला की पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे ‘वाईट’ समजले जाणारे कण, पकडणाऱ्या रिसेप्टरांची संख्या वाढवते आणि हे रिसेप्टर रक्तातील एलडीएलचे कण पकडून आत ओढतात. या रिसेप्टरांवरील संशोधनासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर बंद करणे. तो आकडा औषध चालू असतानाचा असतो. गोळी थांबली की यकृत पुन्हा स्वतःचे कोलेस्टेरॉल पूर्ववत बनवू लागते, वाढलेले रिसेप्टर कमी होतात आणि काही आठवड्यांतच एलडीएल जवळजवळ जुन्या पातळीवर येते.

एलडीएल अपेक्षेइतके उतरले नाही तर डोस दुप्पट केल्याने परिणामही दुप्पट होईल, हा हिशेबसुद्धा चुकीचा आहे. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्यावर एलडीएलमध्ये साधारण सहा टक्क्यांचीच अधिक घट मिळते. याचे एक कारण असे की, पेशीतले कोलेस्टेरॉल घटल्यावर जी यंत्रणा रिसेप्टर वाढवते, तीच पीसीएसके-९ नावाचे प्रथिनही वाढवते आणि हे प्रथिन रिसेप्टरांना नष्ट होण्याच्या मार्गाला लावते. म्हणून अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्या मार्गावर काम करणारे औषध जोडतात. इझेटिमाइब लहान आतड्यात आहारातील आणि पित्तातून आलेल्या कोलेस्टेरॉलचे शोषण रोखते व एलडीएल आणखी सुमारे वीस टक्क्यांनी उतरवते. पीसीएसके-९ ला थेट अडवणारी इंजेक्शने २०१५ पासून वापरात आली. त्यांनी एलडीएल पन्नास ते साठ टक्क्यांनी कमी होऊ शकते.

रिपोर्ट वाचतानाही गफलत होते. अनेक प्रयोगशाळा एलडीएल मोजत नाहीत, तर १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल) पूर्ण आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातील चरबीच्या एका प्रकाराचा) पाचवा भाग वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर हे सूत्र वापरू नये. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून येणारा आकडा अधिक भरवशाचा असतो. केवळ एचडीएल वाढवण्याच्या मागे लागण्यात मात्र फारसा अर्थ नाही. टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवले, तरी मृत्यू वाढल्याचे दिसल्यामुळे २००६ मध्ये त्याची मोठी चाचणी थांबवावी लागली.

फेनोफायब्रेटला एलडीएलची गोळी समजणे हीही अशीच गल्लत. हे औषध लायपोप्रोटीन लायपेज या विकराचे काम वाढवून मुख्यतः ट्रायग्लिसराइड उतरवते, आणि ज्यांचे ट्रायग्लिसराइड फार चढलेले असते त्यांच्यात व्हीएलडीएलचे, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण झपाट्याने एलडीएलमध्ये बदलल्यामुळे एलडीएल उलट थोडे वाढलेलेही दिसू शकते. त्याच गटातील जेमफायब्रोझिल स्टॅटिनबरोबर घेणे टाळावे, कारण ते शरीरातून स्टॅटिन बाहेर पडण्यात अडथळा आणते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढवते.

अंग दुखले की दोष लगेच स्टॅटिनला दिला जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅमसन चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना आळीपाळीने खरी गोळी, औषध नसलेली गोळी किंवा काहीच नाही असे महिने दिले गेले. औषध नसलेल्या गोळीनेही खऱ्या गोळीच्या सुमारे नव्वद टक्के त्रास जाणवला. तरीही तीव्र अशक्तपणा किंवा गडद रंगाची लघवी दिसली तर लगेच डॉक्टरांना भेटून सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारे रक्तातील विकर) तपासावे. थायरॉइडची तपासणी तर विसरूच नये, कारण थायरॉइड मंदावले की एलडीएल रिसेप्टर घटतात, आकडा चढतो आणि स्नायूंचा त्रासही वाढतो. मग दोन्ही गोष्टींचे खापर गोळीवर फुटते.

औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांनी तपासणी करावी. आठवड्याभरातला किंवा गंभीर आजारातला आकडा दिशाभूल करतो. सर्व काही नीट घेऊनही एलडीएल हट्टाने चढेच राहिले आणि कुटुंबात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागतो. आई आणि वडील दोघांकडून निकामी एलडीएल रिसेप्टर जनुक आलेल्या रुग्णात स्टॅटिनला वाढवायला रिसेप्टरच उरत नाहीत. अशांना रिसेप्टरांवर न विसंबणारे उपचार लागतात आणि त्यांच्या भावंडांची तपासणी लहानपणीच करणे आवश्यक ठरते.