बायबल कॉलेजला जाताय? मग लपवलेल्या पापाबद्दल हे वाचून जा

दरवर्षी आमच्या नगर भागातून काही मुलंमुली थिऑलॉजी शिकायला पुण्याला नाहीतर आणखी लांब जातात आणि जायच्या आधी विचारतात ते एवढंच, की ग्रीक फार अवघड जातं का, हॉस्टेलचं जेवण कसं असतं, सपोर्ट म्हणजे खर्चाचे पैसे कोण देतं. जे कोणीच विचारत नाही ते इथे लिहितोय. बायबल कॉलेजात गेलं की माणूस आपोआप पवित्र होतो असं काही नाही, उलट लपवायला चांगली भाषा मिळते. सकाळी चॅपल, संध्याकाळी ग्रुप प्रेयर, रविवारी कुठल्यातरी मंडळीत सेवा, आणि वर्षभरात तुम्ही इतकी छान प्रार्थना करायला लागता की ऐकणाऱ्या मावशी म्हणतात, पोरावर अभिषेक आहे हो! आणि रात्री पांघरुणात मोबाईलवर काय चालू असतं ते मावशींना कुठे माहीत.

आता पाप म्हटलं की सगळ्यांना पॉर्नच आठवतं. ते आहेच, हॉस्टेलात भरपूर आहे, पण त्याबद्दल निदान एखादा सेमिनार तरी होतो. ज्याबद्दल कधीच काही होत नाही ती पापं बघा. सपोर्ट देणाऱ्याला रिपोर्ट पाठवताना सभेला वीस जण आले असतील तर पन्नास लिहायचे. यूट्यूबवरून कुणाचं तरी प्रवचन उचलायचं आणि पुलपिटवरून सांगायचं की काल रात्री प्रभूने मला हा शब्द दिला. आणि जात. ख्रिस्तात सगळे एक म्हणून वर्गात पेपर लिहायचा आणि घरी लग्नाचा विषय निघाला की हळूच, त्यांचं मूळ कुठलं हो? माझ्या मते आपल्या मराठी मंडळ्यांतलं सगळ्यात जास्त झाकलेलं पाप हेच आहे, आणि ते कबूल करताना मी फार कमी लोकांना ऐकलंय.

ढोंग ओळखायची एक खूण सांगतो. २ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा दावीद राजाला श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो तेव्हा दावीद किती भडकतो बघा, असल्या माणसाला मारलंच पाहिजे म्हणतो, आणि हा तोच दावीद ज्याने उरियाला मरायला पाठवून त्याची बायको आणलेली. ज्या पापावर आपण सगळ्यात जोरात बोलतो तिथे एकदा स्वतःला तपासून बघायचं.

मग करायचं काय? देवाजवळ कबूल करा, १ योहान १:९ सगळ्यांना पाठ असतंच, पापं कबूल केली तर देव क्षमा करतो. पण एकट्याने केलेल्या कबुलीत पळवाट खूप, कारण आपणच आरोपी, आपणच वकील. रविवारी पापांगीकार म्हणताना सगळी मंडळी एका सुरात म्हणते की आम्ही पाप केलं आहे आणि त्या गर्दीत माझं पाप आरामात बसून राहतं. म्हणून याकोब ५:१६, एकमेकांजवळ पापं कबूल करा. हे काही नवीन फॅड नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले ते याच वचनावर, आठवड्यातून एकदा भेटायचं आणि सरळ विचारायचं की मागच्या भेटीनंतर कोणतं पाप केलंस. जर्मनीतला लुथरन पाळक बॉनहॉफर १९३५ ते ३७ मध्ये तिथल्या फिंकेनवाल्डे गावी पाळक तयार करत होता, तिथे प्रभुभोजनाच्या आधी विद्यार्थ्यांनी एकमेकांजवळ कबुली द्यावी असं त्याने सुचवलं आणि त्याची स्वतःची कबुली ऐकायचा तो एक विद्यार्थीच, बेथगे. लुथरन मुलांना हे सुरुवातीला विचित्रच वाटलं होतं. आपले लोक कॅथलिकांना हसतात, फादरला सांगितलं की सुटले म्हणून, पण त्यांच्यात मोठं पाप असेल तर कोणतं आणि किती वेळा ते सांगावं लागतं, नुसतं फादर मी पापी आहे म्हणून भागत नाही.

आता माणूस कसा निवडायचा. जो तुम्हाला मार्क देतो किंवा जो सपोर्टचं पत्र लिहितो तो नको, कारण त्याच्यासमोर तुम्ही अर्धंच सांगणार. मुलाने मुलाला, मुलीने मुलीला सांगावं. व्हॉट्सॲपच्या प्रेयर ग्रुपवर तर चुकूनही नको, तिथे 'एका भावासाठी खास प्रार्थना करा' असं म्हणत सगळी खबर संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. वयाने थोडा मोठा, दुसऱ्याच्या गोष्टी तुमच्याजवळ न बोलणारा, असा एक पुरे.

आणि सांगताना नाव घेऊन सांगा. माझं आत्मिक जीवन जरा डाऊन आहे, ही कबुली नाही. मी रिपोर्टमध्ये खोटा आकडा लिहिला, ही कबुली. जीभ अडखळते, घाम येतो, चालायचंच. ऐकणाऱ्यानेही लगेच प्रवचन सुरू करू नये, आणि अरे सगळ्यांचंच होतं असं म्हणून उडवूनही लावू नये. क्षमेचं वचन मोठ्याने वाचावं, प्रार्थना करावी, आणि पुढच्या आठवड्यात आठवणीने विचारावं.

स्टेजवरच्या साक्षीबद्दल मी जरा साशंक आहे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला, मुलींनी रडत रडत सगळ्यांसमोर पापं कबूल केली होती, ते संजीवन, म्हणजे रिव्हायव्हल, खरंच होतं. पण आता माईक हातात आला की दहा वर्षांपूर्वीची दारू सगळे सांगतात, मागच्या मंगळवारचं कोणी सांगत नाही.

पैसे खाल्ले असतील तर कबुलीनंतर परत करायचे, बायबलमधल्या जक्कय जकातदाराने चौपट देईन म्हटलं होतं. आणि कुणी लहान मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचं सांगितलं तर ते दोघांत ठेवायचं नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे प्रार्थना करून मिटवूया म्हणणारा पाळक पाप झाकतोय.

शेवटच्या वर्षाला असाल तर हा माणूस कॉलेज सोडायच्या आधीच पक्का करा. एकदा गावात पाळक म्हणून गेलात की तुम्हाला कोणी काही विचारत नाही, कसं चाललंय म्हणतात आणि प्रभूच्या कृपेने बरं एवढं ऐकून पुढे जातात. माझा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात आहे, दुसऱ्याच मंडळीचा, रविवारी रात्री जेवणं झाली की त्याचा फोन येतो आणि तो कसं चाललंय असं विचारतच नाही, थेट मुद्द्याचं विचारतो.