सांध्यांचे प्रकार शिकताना या चुका टाळा

सांध्यांवरची उत्तरं तपासताना एक गोष्ट वारंवार जाणवते. बिजागरीचा, उखळीचा, खुंटीचा, सरकता ही नावं तोंडपाठ असतात, पण स्वतःचा हात हलवून कुणी पाहिलेला नसतो. चुका तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठा घोळ कोपराचा. कोपर बिजागरीचा सांधा, हे खरंच. पण बिजागरी तर दारासारखी एकाच रेषेत उघडते-मिटते. मग तळहात उताणा-उपडा कसा होतो? कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांशी टेकवा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागेल, त्याच्या किंचित पुढे मनगटाच्या दिशेने दुसऱ्या हाताचं बोट दाबून धरा. आता तळहात सावकाश पालथा करा, परत उताणा करा. बोटाखाली गोलसर हाड फिरताना लागतं ना? कोपर ते मनगट दोन हाडं असतात, त्यांतलं हे अंगठ्याच्या बाजूचं. त्याचं टोक अस्थिबंधाच्या, म्हणजे हाडांना बांधणाऱ्या पट्ट्याच्या, कड्यात फिरतं, म्हणजे तो खुंटीचा सांधा. एकाच कोपरात दोन्ही नांदतात, म्हणून ‘कोपर = बिजागरी’ एवढंच लिहून थांबू नका.

दुसरी चूक खांद्याची. उखळीचा सांधा (एका हाडाचं गोल टोक दुसऱ्याच्या खळग्यात बसतं तो) म्हटला की ‘360 अंशांत फिरतो’ असं ठोकून दिलं जातं. खांद्याची उखळ खरं तर उथळ आहे, म्हणून हात इतका मोकळा फिरतो आणि म्हणूनच खांदा सहज निखळतो. खुब्याची उखळ खोल, तिथे हालचाल कमी पण पकड घट्ट. शिवाय हात डोक्यावर नेताना एकटा खांदा राबत नाही. साधारण 180 अंशांपैकी 60 अंशांचं काम पाठीवर सरकणारं खांद्याचं पातं करतं. कुणाच्या तरी पात्यावर तळवा ठेवून त्याला हात वर करायला सांगा, लगेच कळेल.

अस्थिबंध आणि कंडरा यांचीही अदलाबदल होते. अस्थिबंध हाडाला हाड बांधतो, कंडरा स्नायूला हाडाशी. कवटीचे सगळे सांधे अचल, हेही अर्धवट उत्तर. खालचा जबडा विसरू नका.

‘सांधे वापरून झिजतात, म्हणून हलवूच नका’ हा समज मात्र घातक. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव तिच्यात मुरायला हालचाल लागते. अर्थात सांधा सुजला, लाल झाला किंवा अडकला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि मान. ‘हो’ म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर डोलते. ‘नाही’ म्हणताना पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो. ‘मानेचा सांधा’ असं मोघम लिहू नका, कोणता ते सांगा.